चाड्यातलं उरलेलं

मासे मेल्याचं पहिल्यांदा सुरेखानं पाहिलं. पाहिलं, पण समजलं नाही. हातात चहाचा थर्मास घेऊन ती शेततळ्याचा बांध चढून वर आली आणि तिला वाटलं, पाण्यावर कुणीतरी पांढरे पत्रे अंथरलेत. चार पावलं पुढं गेल्यावर त्या पत्र्यांना डोळे दिसले.

साडेतीन हजार रोहू आणि कटला, किलो-सव्वा किलोचे, पोट वर करून पडले होते. वाऱ्यानं सगळे एका कडेला लोटले गेले होते आणि तिथं निळ्या प्लॅस्टिकला चिकटून एकमेकांवर चढले होते. एकही हलत नव्हता. सुरेखानं थर्मास नीट खाली ठेवला, झाकण घट्ट आहे का बघितलं, आणि मगच मातीत बसकण मारली.

खाली घरात लग्नघरासारखी गडबड चालली होती. आखाडातला शेवटचा रविवार. पुढच्या आठवड्यात श्रावण लागला की निम्मा जिल्हा मासळीचं नाव काढणार नाही, म्हणून सुरेखाच्या नवऱ्यानं, भारतनं, मासे काढायला हाच दिवस धरला होता. अंबडच्या कोर्टात वकिली करणारा थोरला भाऊ कल्याण सकाळीच येऊन पोचला होता. भोकरदनला दिलेली बहीण दैवशाला दोन्ही पोरींना सासूजवळ ठेवून आदल्या दिवशीच आली होती. दहा वाजता आसपासचे आठ-दहा तळेवाले यायचे होते, भारतच्या खाद्यावर वाढलेला मासा डोळ्यांनी बघायला.

त्या खाद्यावरून या घरात तीन वर्षं वाद झाले होते. घर पिढ्यान्‌पिढ्या माळकरी. मासे पाळायचे म्हटल्यावर भारतच्या थोरल्या काकू द्वारकाबाई दोन दिवस जेवल्या नव्हत्या. शेवटी त्यांनी एका अटीवर होकार दिला, की बाजारातल्या खाद्यासारखी सुक्या मासळीची भुकटी या घरच्या गिरणीत शिरता कामा नये. भारतनं मासळी काढून टाकली आणि तिच्या जागी घरचं सोयाबीन घातलं. ते भाजायचं, त्याचं तेल काढायचं, पेंड दळायची, मक्याचं पीठ आणि तांदळाचा कोंडा मिसळून गोळ्या पाडायच्या. "मासासुद्धा माळकरी केला पोरानं," असं त्याचे म्हातारे वडील अप्पाराव पारावर सांगायचे आणि लोक पोट धरून हसायचे. पुढं मासे चांगले फुगायला लागले तसे हसणारेच पोत्याचा भाव विचारायला लागले. तरीही पाडव्याला सगळ्यांसमोर ठरलं होतं: आखाडात मासा भरला तर खाद्याची शेड चालू राहील, नाहीतर मशीन विकायची आणि सोयाबीन पूर्वीसारखं आडतीवर. भारतची तीन वर्षं या एका रविवारवर येऊन थांबली होती.

"चहा आणायला एवढा टाईम?" म्हणत भारत शेडकडून बांधावर आला आणि जागीच थांबला.

तो ओरडला नाही. चपला काढल्या, कडेच्या दोराला धरून खाली उतरला, एक कटला उचलला आणि त्याचे कल्ले उघडून बघायला लागला. मग दुसरा उचलला. मग तिसरा. एकेक मासा असा बघून परत पाण्यात ठेवत होता, जणू चुकून एखादा जिवंत हाती लागेल.

"अहो," सुरेखा म्हणाली. "वर या. घसराल."

"सगळेच?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. तेवढ्यात बाकीची माणसं बांध चढून वर आली.

*

कल्याणचं डोकं मात्र चालूच होतं. ते बंद पडलेलं आजवर कुणी पाहिलं नव्हतं, लहानपणी आई वारली त्या दिवशीसुद्धा नाही. त्यानं एकदा तळ्याकडे पाहिलं, एकदा रस्त्याकडे पाहिलं आणि घड्याळ बघितलं. साडेआठ.

"भारत, कोणाला फोन केलास का?"

"कोणाला करू?"

"कोणालाच करू नको. ते लोक यायच्या आधी कोणीतरी फाट्यावर जाऊन उभं ऱ्हावं. म्हणावं, घरात आजारपण हाये, आजचं रद्द."

"दादा, मासे मेले माझे."

"ते दिसून राह्यलं मला. म्हून तर म्हणतो." कल्याणनं खिशातल्या किल्ल्या घट्ट धरल्या होत्या. पाडव्याला शेडच्या विरोधात सगळ्यात मोठ्यानं तोच बोलला होता. पण असं त्याला नको होतं. भाऊ हरलेला त्याला चालला असता, असा पडलेला नाही.

अप्पाराव तळ्याच्या कडेला उकिडवे बसले होते. "रात्री हवा मारायची मशीन चालू व्हती का?"

"चालू व्हती, आप्पा. मी झोपलोच कुठं? दोनदा येऊन पाहून गेल्तो. पहाटेपर्यंत पाण्यात खळबळ व्हती. मला वाटलं खेळून राह्यले." भारतनं हातातला मासा खाली ठेवला. "काल संध्याकाळी एकच गोष्ट नवी झाली. नव्या घाण्याच्या खाद्याचं पोतं फोडलं."

हे म्हटल्याबरोबर चारही माणसांनी सुरेखाकडे पाहिलं. कुणी ठरवून पाहिलं नाही, पण पाहिलं. कारण भाजणी तिची होती. सोयाबीन कच्चं राहिलं तर माशाला पचत नाही हे आता या घरात सगळ्यांना पाठ होतं. प्रत्येक घाण्याला भट्टीपुढं उभी राहून, दाणा दाताखाली फोडून, कच्चा उग्र वास गेला की नाही हे सुरेखाच बघायची.

"भाजणीच्या दिवशी तू मधीच शाळेच्या मीटिंगला गेल्ती ना?" दैवशालानं विचारलं. विचारलं कसलं, उचलली जीभ लावली टाळ्याला. "भट्टी कोणावर सोडून गेल्ती?"

"बंद करून गेल्ते, ताई. आल्यावर परत पेटवली."

"बंद भट्टी थंडी पडती. मंग कच्चंच ऱ्हायलं असंल."

"कच्चं न्हवतं."

"जाऊ दे," अप्पाराव म्हणाले, आणि ते मऊ आवाजात म्हणाले म्हणून सुरेखाला जास्त लागलं. एरवी या घरात तिची बाजू घेणारं एकच माणूस होतं, ते हे सासरे. "माणसाच्या हातून चूक व्हती, पोरी. कोणी तुला काही म्हणत न्हाई."

"मामा, मला माफ करू नका," सुरेखा उठून उभी राहिली. साडीला चिखल लागला होता. "मी काही केलंच न्हाई तर माफी कशाची?" मग ती नवऱ्याकडे वळली. "तुम्हीच शिकवलं मला. कच्च्या सोयाबीननं मासा वाढत न्हाई, महिना-दोन महिने खंगतो. एका रात्रीत साडेतीन हजार मरत न्हाईत. सांगा की ह्यांना."

भारत हातावरचे खवले पुसत राहिला.

"सांगा न!"

"व्हय," तो म्हणाला. "बराबर बोलून राह्यली ती. भाजणीनं असं व्हत न्हाई." आणि मग रडवेल्या आवाजात, "पण मंग कशानं झालं, ते मला तरी कुठं कळून राह्यलं?"

नवरा तिच्या बाजूनं बोलला खरा, पण मागून घेतल्यावर. सुरेखाला त्याची कीवही आली आणि रागही आला. दोन्ही आवरून तिनं एक साधा प्रश्न विचारला, जो त्या बांधावर आतापर्यंत एकाही शहाण्याला सुचला नव्हता.

"ह्या घाण्याची बारा पोती निघाली व्हती. पाच इथं हायेत. बाकीची सात कुठं गेली?"

भारतनं मान वर केली. त्याचा चेहरा आधीच उतरला होता, आता त्यावर रंग म्हणून राहिला नाही. "चार बदनापूरच्या तळ्यावर, राजानंद सरांकडं. आन् तीन," तो बहिणीकडे बघून थांबला. "तीन दाजींकडं."

"आमच्याकडं?" दैवशाला म्हणाली.

"परवाच पाठवली, टेम्पोत."

"फोन लावा," सुरेखा म्हणाली. "आत्ताच्या आत्ता. सकाळचं खाद्य नऊच्या आसपास टाकतात लोक."

"थांबा!" कल्याण मध्ये आला. "फोन केला म्हंजी कबूल केलं. आजकाल समदं रेकॉर्ड व्हतं. काय कबूल करून राह्यलो आपण, ते तरी माहिती हाये का? रातभर आभाळ व्हतं, हवा कमी पडली, मासे गेले. कोणाच्याबी तळ्यात व्हतं असं."

"अन् त्यांचेबी मेले तर?" सुरेखानं विचारलं.

"तर त्यांच्याकडंबी आभाळ व्हतं."

कल्याणला स्वतःलाच ते वाक्य ऐकून कसंसं झालं, पण कोर्टात मागं घेतलेलं वाक्य जास्त महागात पडतं ही सवय इथंही आड आली.

"दादा, ते तळं माझं हाये," दैवशाला म्हणाली.

"तुझं मी पाहून घेईन."

"काय पाहून घेशील? मेल्यावर येऊन?" मघाशी सुरेखावर तुटून पडलेली दैवशाला आता दोन पावलं सरकून तिच्याच शेजारी जाऊन उभी राहिली. आपल्या अंगणात आल्याशिवाय आग कुणाला भाजत नाही, हे तिच्याही बाबतीत खरं होतं. "सुरेखा, माझा मोबाईल कुठंय?"

"घरात चार्जिंगला लावलाय तुम्ही."

"जा, आण."

सुरेखा धावत खाली गेली.

*

द्वारकाबाई सगळ्यांच्या मागं, लिंबाला हात टेकून उभ्या होत्या. नाकाला पदर लावला होता. त्या अप्पारावांच्या थोरल्या भावाच्या विधवा. पोटी मूल नाही. धाकटी जाऊ तीन लेकरं मागं ठेवून गेली तेव्हा भारत दीड वर्षाचा होता. तिघांना यांनीच वाढवलं, आणि तिघंही त्यांना मोठीआई म्हणायची.

मासे त्यांना कधी आवडले नव्हते. तळ्यावर त्या महिन्यातून एकदा यायच्या, लांबून बघायच्या आणि "वाढले का रे तुझे पोरं?" एवढंच विचारायच्या. आज मात्र त्यांच्याच्यानं बघवेना. जीव तो जीव, मग तो कुणी खाणार असो की न खाणार. त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि डोळे मिटले. म्हणून पुढचं त्यांना फक्त ऐकू आलं.

"भाजणी न्हाई, हवा न्हाई," भारत बोलत होता. "मंग हे औषध हाये, आप्पा. औषधाशिवाय असं मरण न्हाई."

"पोत्यात औषध कुठून येईल?"

"तेच तर कळंना. घरात एकच औषध आणलं व्हतं मी, बियाण्याला चोळायचं. लाल. यंदा पहिल्यांदाच बीजप्रक्रिया केली ना आपण, त्या शेतकी मीटिंगमधी सांगतलं तसं. पण ते मृगातच संपलं. सगळं बियाण्याला लागलं, आन् बियाणं जमिनीत गेलं."

द्वारकाबाईंनी डोळे उघडले.

"मंग कोणीतरी मुद्दाम केलं," कल्याण म्हणत होता. त्याला आता धागा सापडला होता. "हे चांगलं झालं. म्हंजी चांगलं न्हाई, पण केस व्हती. पोलिसात देऊ. शेडची चावी कोणाकडं असती?"

"सुरेखाकडं."

"मी नाव घेत न्हाई कोणाचं. पण विचारतील ते. चावी कोणाकडं, भट्टी कोणाकडं, मधी उठून कोण गेल्तं."

"दादा, बायको हाये ती माझी."

"म्हून तर आधीच विचारून राह्यलो."

द्वारकाबाईंना पुढचं ऐकू येईनासं झालं. त्यांच्या डोळ्यांसमोर घमेल्यातलं लाल पाणी आलं.

त्या या घरात आल्या तेव्हा पंधरा वर्षांच्या होत्या. पहिल्याच पेरणीला सासूनं, गोजरबाईंनी, त्यांना पाभरीमागं चाड्यावर धरायला लावलं होतं. चाडं म्हणजे पाभरीवरची लाकडी वाटी, तिच्यातून मुठीमुठीनं बी खाली सोडायचं. आणि संध्याकाळी सासूनं शिकवलं होतं, की पेरणी थांबली म्हणजे चाड्यात, पोत्यात जे उरतं ते विकायचं नाही, कुणाला द्यायचं नाही, टाकायचं तर बिलकुल नाही. ज्याला हळद-कुंकू लागलं ते बी घराबाहेर गेलं की बरकत त्याच्या मागं जाते. ते आणायचं आणि कोठीत परत मिसळायचं, फक्त एक माप लेकीचं, ती माहेरी आली की तिला द्यायला, काढून ठेवायचं. पाभर गेली, ट्रॅक्टर आला, ज्वारी गेली, सोयाबीन आलं. उरलेलं बी मात्र पन्नास वर्षं कोठीत परत येत राहिलं, आणि ते आणणाऱ्या द्वारकाबाई होत्या.

यंदा मृगात दोन दिवस पडून पाऊस दडी मारून बसला. खालचा तुकडा पेरायचा राहिला आणि उरलेलं म्हणजे चाडंभर नाही, दोन पोती परत आली. दाणे लाल होते. द्वारकाबाईंना वाटलं, दुकानातल्या पिशवीतलं बी रंगीत असतं तसा पोरानं हौसेनं रंग दिला असेल. त्यांनी ते तीन पाण्यांनी धुतलं. पहिलं पाणी कुंकवासारखं निघालं, तिसरं जवळजवळ स्वच्छ. मग ताडपत्रीवर दोन दिवस वाळवलं. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीच्या कडेला चार चिमण्या मरून पडल्या होत्या. त्या म्हणाल्या होत्या, काय मेलं हे ऊन. आणि चिमण्या झाडून, दाणे भरून कोठीत ओतले होते. त्याच कोठीतून सुरेखा भाजायला सोयाबीन काढायची.

चार चिमण्या. डोळ्यांना दिसल्या होत्या आणि तरी त्यांना समजलं नव्हतं. एक विचार त्यांच्या मनात येऊन गेला, आणि तो आला याची त्यांना पुढं मरेपर्यंत लाज वाटली: मी बोलले नाही, तर हे कुणालाच कळणार नाही.

सुरेखा धापा टाकत मोबाईल घेऊन वर आली. तिच्या मागं काय बोललं गेलं हे तिला माहीत नव्हतं. तिनं येता येता द्वारकाबाईंचा हात धरला. "मोठीआई, खाली बसा तुम्ही. कापून राह्यल्या."

"भारत," द्वारकाबाई म्हणाल्या. "बियाणं जमिनीत न्हाई गेलं."

"काय?"

"दोन पोती उरल्ती. मी धुतली, वाळवली आन् कोठीत टाकली. सुरेखाला काही म्हणू नका. ते मी केलं."

कुणाला पटकन अर्थच लागला नाही. मग भारतच्या लक्षात आलं आणि तो मटकन खाली बसला.

"मला वाटलं, आप्पांनी खालच्या तुकड्यात पेरलं," तो म्हणाला.

"मला वाटलं, वैनींनी शेजारच्या मालनबाईच्या पोराला दुबार पेरायला दिलं," अप्पाराव म्हणाले.

"पेरणीचं बी मी कोणाला देते का, भावजी? पन्नास वर्षांत दिलं का?"

"मोठीआई, औषध चोळलेलं व्हतं ते! ईख व्हतं ईख!" कल्याण ओरडला.

"मला कोणी सांगतलं?" द्वारकाबाईंचा आवाज चढला नाही, उलट बसला. "तुम्ही मीटिंगला गेल्ते. तुम्ही औषध आणलं. तुम्ही रातीतून चोळलं. घरात बी कोण सांभाळतं, हे ठाऊक व्हतं ना समद्यांला? मंग एकानं तरी तोंड उघडून सांगतलं का, की मोठीआई, ह्या दाण्याला हात लावू नको?"

बापाला वाटलं पोरानं सांगितलं असेल, पोराला वाटलं बापानं, आणि वकिलाला तर गावात बीजप्रक्रिया झाली हेच माहीत नव्हतं. तिघंही पुरुष आपापल्या पायांकडे बघत राहिले. सुरेखानं द्वारकाबाईंचा हात सोडला नाही. मघापासून आवरलेलं रडू तिला आता आलं, सुटल्याचंही आणि म्हातारीसाठीही.

"फोन लाव, दैवशाला," द्वारकाबाई म्हणाल्या. "जावयाला सांग, मोठीआईनं केलं. माझंच नाव घे."

दैवशालानं नंबर लावला. हात घामानं ओले झाले होते, म्हणून तिनं मोबाईल स्पीकरवर टाकून तळहातावर धरला. खूप वेळ घंटी वाजली. मग उचलला तो नवऱ्यानं नाही, थोरल्या पोरीनं, अक्षतानं.

"आई?"

"अक्षता, पप्पा कुठंयत? जल्दी दे त्यांला."

"पप्पा तळ्यावर गेले. फोन घरीच ऱ्हायला."

"कव्हा गेले? नवं पोतं नेलं का?"

"हो, गाडीवर टाकून. झाला की अर्धा तास."

दैवशालानं डोळे मिटले. अर्धा तास. म्हणजे आपण इथं भट्टी कुणी पेटवली याचा पंचनामा करत होतो तेवढ्या वेळात. भारतनं तोंड हातात लपवलं.

"बाळा, ऐक," दैवशाला म्हणाली. "पळत तळ्यावर जा. पप्पांना म्हणावं, ते खाद्य टाकू नका, टाकलं असंल तर पाणी काढा. आजीला सांग आन् जा."

"आजी पोळ्या करून राह्यली. मी साक्षीला वाढून जाते. ती ऐकतच न्हाई, सकाळपासून सोयाबीनची पोळी, सोयाबीनची पोळी लावलंय तिनं."

बांधावर वारा होता, पण त्या क्षणी दैवशालाच्या कानाला दुसरं काही ऐकू आलं नाही.

"कोणती पोळी?"

"अगं, तूच काल दळण काढून गेलीस ना? मोठ्या आजीनं दिलेलं सोयाबीन गव्हात टाकून. सकाळी आणलं मी गिरणीतून."

दैवशालानं द्वारकाबाईंकडे पाहिलं. लेकीचं माप. पंधरा दिवसांपूर्वी आली तेव्हा मोठीआईनं ते पिशवीत बांधून दिलं होतं, वर सुपारी ठेवून. काल निघायच्या गडबडीत तिनं स्वतःच्या हातानं ते गव्हात ओतलं होतं. तळहातावरचा मोबाईल निसटायला लागला.

तो द्वारकाबाईंनी घेतला. जन्मात त्यांनी मोबाईलवर स्वतःहून बोलणं केलं नव्हतं, कुणीतरी कानाला लावून दिला तर "बरी हाये" एवढंच म्हणायच्या. आता त्यांनी तो दोन्ही हातांत धरला आणि तोंडाजवळ नेला.

"अक्षता, साक्षीनं खाल्ली का?"

"मोठी आजी? तू हायेस होय?"

"खाल्ली का, सांग!"

"आत्ताच ताटात पडली. गरम हाये, फुंकून राह्यली ती."

"ताट उचल तिच्यापुढून."

"काहून?"

"उचल म्हणते ना! तिच्या हातातलं काढ, तोंडात असंल तर बोट घालून काढ. आजीला तवा उतरवायला सांग. पिठाला कोणी हात लावू नका. जा!"

मोबाईल तिकडं कशावर तरी आदळला. पावलं वाजली. भांडं पडल्याचा आवाज आला. "अगं, काय करून राह्यली?" असा सासूबाईंचा आवाज आला. मग काहीच नाही. कल्याण पुढं झाला आणि बहिणीच्या खांद्याला धरून उभा राहिला. अप्पारावांनी हात जोडले होते. साडेतीन हजार मासे शेजारी मरून पडले होते आणि त्यांच्याकडं एकही माणूस बघत नव्हतं.

आणि मग साक्षीनं भोकाड पसरलं.

हातातली पोळी ओढून घेतल्यावर सात वर्षांची पोर रडते तसं, घसा ताणून, रागानं, ताईला शिव्या देत. मध्येच अक्षताचा आवाज आला, "न्हाई खाल्ली, आजी! एक घाससुद्धा न्हाई खाल्ली!" दैवशाला खाली बसली आणि तिनं मातीत डोकं टेकवलं. सुरेखा तिच्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसली.

"बंद करू का फोन, मोठीआई?" भारतनं हळूच विचारलं. "राजानंद सरांना लावायचाय."

"तुझ्या फोनवरून लाव," द्वारकाबाई म्हणाल्या. "सगळं सांग त्यांना, काही लपवू नको." त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. मोबाईल त्यांनी कानाशी घट्ट धरला होता, पोरगी अजून तिकडं रडतच होती. "हा असाच ऱ्हाऊ दे. रडू दे तिला. मला ऐकू दे."